जन्मरेघेच्या अलीकडे

बोरधऱ्याच्या शाळेतून आलेल्या पाकिटात एकोणीस दात निघाले. सगळे दुधाचे, सगळे समोरचे. प्रत्येकाला बाईंनी चिठ्ठी चिकटवली होती: मुलाचं नाव, जन्मतारीख, आई त्या वर्षी कुठल्या गावी होती ते. पडलेला दात कौलावर फेकायची रीत शाळेनं त्या वर्षी बाजूला ठेवली होती, कारण सोलापूरच्या प्रयोगशाळेला पाऊस मोजायला दात हवे होते.

दातांचा आणि पावसाचा काय संबंध, असं सुवर्णा बिराजदारला सगळेच विचारत. ती सोप्या शब्दांत सांगे. पाण्यात प्राणवायू दोन प्रकारचा असतो, हलका आणि जड. दुष्काळ पडला की विहिरीतलं हलकं पाणी आधी उडून जातं आणि खाली जड उरतं. ते पाणी जो पितो, त्याच्या अंगात त्या दिवसांत जे घडतं त्यात तो जडपणा उतरतो. हाडं पुढे बदलत राहतात. दाताचं पांढरं कवच मात्र एकदा घडलं की तसंच राहतं. ते थराथरानं चढतं, रोज एक थर, केसापेक्षा कितीतरी बारीक. प्रयोगशाळेतलं यंत्र हे थर एकेक करून वाची. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. सगळे त्याला 'सुई' म्हणत.

सुईनं प्रयोगशाळेला नाव मिळवून दिलं होतं, आणि प्रयोगशाळा म्हणजे डॉ. विनायक कोरगावकर. भीमेकाठची तीन हजार वर्षांपूर्वीची गावं का ओस पडली, दुर्गादेवीच्या दुष्काळात मुलूख कसा रिकामा झाला, इंग्रजी अमदानीत माणसं रस्त्याकडेला का मेली, या सगळ्याचं उत्तर त्यांनी जुन्या दातांतून एकाच रेषेवर आणून दाखवलं होतं. पाऊस चढला की समाज चढतो, पाऊस उतरला की समाज उतरतो. ते बोलू लागले की ऐकणाऱ्याला राज्यं, देवळं, लढाया हे सगळं ढगांच्या सावलीसारखं वाटू लागे. सुवर्णानंही ते असंच भारावून ऐकलं होतं. ती अक्कलकोटच्या एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत वाढलेली. शिक्षण अर्धवट सुटलं असताना सरांनीच तिला प्रयोगशाळेत घेतलं, परीक्षांना बसवलं, तिच्या वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात रोज संध्याकाळी दवाखान्यात येऊन बसले. चौदा वर्षं ती त्यांच्या हाताखाली सुई चालवत होती.

बोरधऱ्याचे दात मागवण्याचं कारण साधं होतं. २०३८ च्या दुष्काळाचा पाऊस गावागावाच्या मापकांत नोंदलेला होता. त्याच काळात घडलेले दात वाचले, की सुई किती अचूक आहे ते कळणार होतं. समोरच्या दुधाच्या दाताचं कवच आईच्या पोटात चौथ्या महिन्याच्या सुमाराला घडू लागतं आणि जन्मानंतर दोन-अडीच महिन्यांत पुरं होतं. जन्माच्या धक्क्यानं त्यात एक ठळक रेघ उमटते. तिला जन्मरेघ म्हणतात. जन्मतारीख माहीत असली की त्या रेघेपासून मागे थर मोजत जायचं; कोणता थर पोटातल्या कोणत्या दिवशी घडला, ते कळतं. दुष्काळातली बाळं आता सहा-सात वर्षांची झाली होती आणि त्यांचे दात पडायला लागले होते.

सुवर्णा पाण्याबरोबर नत्रही मोजत असे. हे तिचं स्वतःचं काम. पोटाला मिळेनासं झालं की शरीर स्वतःचं मांस जाळून जगतं, आणि मग अंगात जड नत्र वाढत जातं. पोटुशी बाई उपाशी राहिली तर बाळाचा दात तिच्या झिजणाऱ्या मांसातून घडतो आणि ती वाढ त्यात उतरते. म्हणजे एकाच दातात दोन रेषा. एक सांगते आभाळानं काय केलं, दुसरी सांगते पोटात काय गेलं.

एकोणीस दात वाचायला नऊ दिवस लागले. पाण्याची रेषा मापकांशी छान जुळली. नत्राच्या रेषेपाशी सुवर्णा थांबली.

आठ मुलांच्या आया दुष्काळात माहेरी किंवा बहिणीकडे गेल्या होत्या, तितक्याच कोरड्या गावांत. त्यांच्या दातांत पाणी जड होत गेलं होतं, पण नत्र सरळ होतं. त्यांनी ओढाताण केली असेल, पण त्या जेवत होत्या. उरलेल्या अकरा जणी बोरधऱ्याच्या छावणीत होत्या. त्यांच्या दातांत एका ठिकाणी पाणी अचानक बदलत होतं: विहिरीचं संपून टँकरनं आणलेलं धरणाचं पाणी सुरू होत होतं. तो छावणीत पाऊल टाकल्याचा दिवस. तिथपर्यंत नत्र सरळ होतं. पुढेही तीन महिने सरळ. मग ते चढत होतं, आणि जन्मरेघ ओलांडूनही चढतच होतं.

कुणाच्या दातात ही चढण आठव्या महिन्यात सुरू झाली होती, कुणाच्या नवव्यात. सुवर्णानं प्रत्येक दातात जन्मरेघेपासून मागे दिवस मोजले. अकराच्या अकरा वेळा एकच आठवडा आला. मार्च २०३९ चा पहिला.

छावणी हा शब्द पूर्वी जनावरांसाठी होता. त्या वर्षी तो माणसांना लागू झाला. दुष्काळ प्राधिकरणानं माणदेशातल्या चाळीस गावांचे टँकर बंद केले आणि पाणी, धान्य, दवाखाना असं सगळं बोरधऱ्याच्या माळावर एकत्र आणलं. अकरा हजार माणसं तिथं आठ महिने राहिली. दोनशे अकरा मेली. त्यातली एकशे चाळीस एक वर्षाच्या आतली. प्राधिकरणानं चौकशी केली आणि सगळ्यांच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण म्हणून एकच नवा शब्द लिहिला: हवामान-मृत्यू. आता हा शब्द कायद्यात कायमचा घालायचं घाटत होतं. मसुद्याचे शास्त्रीय सल्लागार होते डॉ. कोरगावकर.

सुवर्णा कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेली. त्यांनी चष्मा चढवून ते शांतपणे पाहिले.

"अकरा दात म्हणजे फार थोडे झाले," ते म्हणाले. "गरोदरपणात नत्र हलतंच."

"ते सगळ्यांचंच हललं असतं, सर. माहेरी गेलेल्या आठ जणींचं नाही हललं."

"आजार असेल. छावणीत जुलाबाची साथ होती."

"साथ मे महिन्यात आली. हे मार्चमध्ये सुरू होतंय, सगळ्यांचं एकाच आठवड्यात."

सरांनी कागद टेबलावर ठेवले आणि कडा जुळवल्या. "सुवर्णा, आपण हवामान वाचतो. तुला पाण्याची रेषा मिळाली ना? ती पाठव. नत्राचा भाग आत्ता बाहेर काढू नकोस. हरकती-सूचनांची सुनावणी तोंडावर आहे, लोक भलते अर्थ काढतील."

ती कागद उचलून बाहेर आली. चौदा वर्षांत त्यांनी तिला एखादं वाचन झाकून ठेवायला प्रथमच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती बोरधऱ्याला गेली. पाकिटातल्या पहिल्याच चिठ्ठीवर स्वरा वाघमोडे हे नाव होतं. स्वराची आई काजल दारात मेंढरांचं खत पोत्यात भरत होती. तिशीची, बारीक अंगाची. दातातून काय निघालं ते सुवर्णानं सांगितलं, तेव्हा तिनं हातातलं घमेलं खाली ठेवलं.

"मार्च म्हंजी शिमग्याच्या टायमाला," ती म्हणाली. "बरोबर हाय."

"काय झालं होतं तेव्हा?"

"आधी दोन टायमाचं व्हतं. भाकरी, आमटी, पोटुशी बाईला अंडं. मग ती एक अवकाळी सर आली. तासभर बी न्हवती. पालं भिजली, बास. त्याच्या पंधरा दिवसांनी जेवान एकदाच द्याया लागले. अंडं बंद. आम्ही इचारलं तर गेटावरचा साहेब म्हणला, ताणांक उतरला, यंत्रात दुष्काळ कमी झालाय."

"मग परत घरी का नाही आलात?"

"घरी पाणी कुठं हुतं? टँकर तर हितनंच बंद केलेला. आणि गेटाबाहेर गेलं की यंत्रातला शिध्याचा अंगठा बाद. परत आत न्हाई." काजलनं पदरानं तोंड पुसलं. "मला जुळ्या पोरी झाल्या, ताई. एप्रिलात. ही जगली. दुसरीनं एकोणीस दिवस काढले. मला दूधच न्हवतं. जी वडून प्यायची ती जगली, जिला वडाया ताकद न्हवती ती गेली. दात न आलेल्या लेकराला जाळत न्हाईत, म्हणून छावणीच्या मागं पुरली. तिथं लई पुरलीत."

आत जाऊन तिनं पेटीतून दाखला आणला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न मोडता ठेवलेला.

"हवामान-मृत्यू," तिनं वाचलं. "सात वर्सं झाली, मला ह्याचा अर्थ कुणी सांगंना. हवामानानं मारलं म्हंजी मी कुणाच्या दारात जाऊन इचारायचं?"

सुवर्णानं दाखला वाचून तिला परत दिला. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिच्या डोक्यात एकच शब्द घोळत होता. ताणांक. तो शब्द तिला परका नव्हता. तो त्यांच्याच प्रयोगशाळेत जन्मला होता.

सरांचा सिद्धांत प्राधिकरणाला आवडला तो याच्यामुळेच. समाजाची अवस्था पावसावर ठरत असेल, तर पाऊस मोजला की अवस्था कळली. दारोदार जाऊन कोण जेवलं, कोण नाही हे विचारायची गरज काय? म्हणून सरांनी सूत्र बांधून दिलं. मापकांतला पाऊस आत घालायचा, शून्य ते दहा असा ताणांक बाहेर येतो, आणि छावणीचा शिधा त्यावर आपोआप ठरतो. मधे माणूस नाही, म्हणून लाचलुचपत नाही, असं तेव्हा सगळीकडे कौतुक झालं होतं. सुवर्णानंही पेढे वाटले होते.

सकाळी प्रयोगशाळेत येऊन तिनं त्या वर्षीच्या नोंदी उघडल्या. सतरा फेब्रुवारीला बोरधऱ्याच्या मापकात एकतीस मिलिमीटर पाऊस पडला होता. फेब्रुवारीची तिथली सरासरी दोन मिलिमीटर. सूत्र प्रत्येक महिन्याचा पाऊस त्या महिन्याच्या सरासरीशी ताडून पाही. त्याला तो पाऊस पंधरा पट दिसला. त्यानं पुढच्या सहामाहीसाठी ताणांक नवावरून पाचावर आणला. त्या सरीनं विहिरीत घोटभर पाणी उतरलं नव्हतं, शेतात पीकच नव्हतं, पण सूत्राच्या लेखी दुष्काळ अर्धा सरला होता. म्हणून शिधा अर्धा झाला, पहिल्या मार्चपासून जुलैपर्यंत, अकरा हजार माणसांचा.

तिनं आजचं सूत्र उघडलं. त्यात एक ओळ जास्त होती: कोरड्या महिन्यांतला अवकाळी पाऊस धरू नये. ओळ घातल्याची तारीख होती ऑगस्ट २०३९. छावणी उठल्यानंतर पाच आठवडे. बदल करणाऱ्याच्या जागी सरांची आद्याक्षरं होती.

ती उठून सरळ त्यांच्या खोलीत गेली. ते डबा उघडून बसले होते.

"सर, ऑगस्टमध्ये तुम्ही सूत्रात ओळ घातलीत."

त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. "चूक लक्षात आली की दुरुस्त करायची असते."

"लक्षात कशी आली?"

"छावणीच्या डॉक्टरबाईंचं पत्र आलं होतं. एप्रिलमध्ये. मुलं वजनाला उतरताहेत म्हणून. मला वाटलं, बाई घाबरट आहेत. मी सूत्र तपासायला दिवाळीपर्यंतचा वेळ मागितला होता. मग मृत्यूंचे आकडे आले तेव्हा मी स्वतः बसून तपासलं."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत."

"कुणाला सांगून काय झालं असतं? मेलेले परत आले असते? सूत्रावरचा विश्वास उडाला असता, आणि पुन्हा शिधा पुढाऱ्यांच्या हातात गेला असता. त्यानंतरच्या दुष्काळात याच सूत्रानं लोक वाचले, हे विसरू नकोस."

"दोनशे अकरा दाखल्यांवर तुम्ही हवामान लिहू दिलंत."

"पाऊस पडला नाही म्हणूनच ती माणसं तिथं आली ना?" सरांचा आवाज प्रथमच चढला. "मूळ कारण पाऊसच. इतिहासात सगळीकडे हेच आहे."

"इतिहासात मी तुमच्याबरोबर आहे, सर. तुम्ही सांगितलेले सगळे दात मीच वाचलेत. तळ्याच्या कामावरच्या मजुरांच्या लेकरांचेही. इंग्रजांच्या वेळचे. दोन वर्षं सारखीच कोरडी होती आणि भूक एकाच वर्षी होती, ज्या वर्षी कामावरचं धान्य तोडलं. मी ते दाखवलं तेव्हा तुम्ही नमुना खराब आहे म्हणालात." "या मुलखात पाऊस दगा देणार हे आपल्या लोकांना हजार वर्षांपासून माहीत आहे. म्हणून त्यांनी ज्वारी साठवायला जमिनीत पेवं खणली, लेकी दूरच्या गावी दिल्या, की एकीकडं पिकलं नाही तर दुसरीकडं जाता यावं. आभाळानं त्यांना हे शिकवलं. माहेरी गेलेल्या आठ जणी त्याच्यावर जगल्या. तुमच्या सूत्रात आभाळ आहे, सर. पेव कुठं आहे?"

"सुनावणीत हे बोललीस तर तुला इथं ठेवणं मला शक्य होणार नाही," ते म्हणाले. धमकीचा सूर नव्हता त्यात. थकवा होता.

"माहीत आहे," ती म्हणाली.

सुनावणी तालुक्याच्या सभागृहात दुपारी बाराला सुरू झाली. व्यासपीठावर प्राधिकरणाचे अध्यक्ष, एक कायदेतज्ज्ञ आणि डॉ. कोरगावकर. खाली पन्नासेक माणसं. काजल तिच्या गावच्या सात बायकांबरोबर आली होती, सगळ्या छावणीतल्या. अध्यक्षांनी प्रत्येकाला तीन मिनिटं दिली.

सुवर्णानं पडद्यावर एकच चित्र लावलं. अकरा रेषा, प्रत्येकीवर जन्मरेघ, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका उभ्या पट्ट्यात सगळ्या चढणी. ते कसं वाचायचं हे तिनं दोन वाक्यांत सांगितलं.

"यातल्या कोणत्याही आईला पावसानं उपाशी ठेवलं नाही," ती म्हणाली. "दुष्काळात त्या घरी जेवत होत्या. छावणीत आल्यावरही तीन महिने जेवत होत्या. त्या उपाशी राहिल्या त्या शिधा अर्धा केल्यावर. धान्य गोदामात होतं. छावणी उठली तेव्हा ते परत पाठवल्याची नोंद प्राधिकरणाच्याच अहवालात आहे. याला हवामान-मृत्यू म्हणू नका."

अध्यक्ष सरांकडे वळले. "डॉक्टरसाहेब, हे वाचन ग्राह्य आहे का?"

सरांनी पडद्याकडे पाहिलं. त्या रेषा किती स्वच्छ आहेत हे त्यांच्याइतकं तिथं कुणाला कळत नव्हतं.

"वाचन बरोबर आहे," ते म्हणाले.

"आणि सूत्रात नंतर बदल झाला, तोही सांगा, सर," सुवर्णा म्हणाली.

"तो विषय आजच्या मसुद्यात नाही," अध्यक्ष घाईनं म्हणाले आणि तिचा माइक बंद झाला.

काजल उठली. तिला माइक लागत नव्हता. ती माळावर मेंढरांना हाका घालणारी बाई होती. "आमचा विषय त्योच हाय," ती म्हणाली. "काय बदललं ते आम्हाला ऐकायचंय." तिच्यामागून सातही जणी उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी बसा म्हटलं, दोनदा म्हटलं. कुणी बसलं नाही.

सर उभे राहिले. ऑगस्ट महिना, ती ओळ, डॉक्टरबाईंचं पत्र, सगळं त्यांनी सांगितलं, वर्गात शिकवावं तसं क्रमानं, आवाज न हलू देता. मग ते व्यासपीठावरून उतरले आणि बायकांच्या समोरून दाराकडे गेले. कुणी त्यांची वाट अडवली नाही, कुणी दिलीही नाही. त्यांना दोघींच्या मधून अंग चोरून जावं लागलं.

मसुदा लांबणीवर पडला. सरांनी राजीनामा दिला. तो मंजूर व्हायच्या आत प्रयोगशाळेनं सुवर्णाचा करार संपवला. कारण दिलं परवानगीशिवाय नमुने जाहीर केल्याचं. ती सोलापुरात एका दंतवैद्याकडे कवळ्या बनवायचं काम करू लागली. सरांचा एकदा फोन आला. तिनं घेतला. दोघांनी एकमेकांच्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला. तिच्या वडिलांच्या उशाशी बसलेला माणूस आणि ते पत्र बाजूला सारणारा माणूस तिला वेगळे करता येत नव्हते, आणि तिला त्याचाही राग येत होता.

पावसाळा सरल्यावर प्राधिकरणानं बोरधऱ्यात दुरुस्त दाखले वाटायला कर्मचारी पाठवला. काजलनं निरोप दिला म्हणून सुवर्णाही गेली. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर टेबल मांडलं होतं. कर्मचारी नाव पुकारी, जिचा तिचा दाखला देई, सही घेई. काजलची पाळी आली. तिनं कागद दोन्ही हातांत धरून वाचला.

"उपासमार," ती म्हणाली. "बरं झालं, खरं लिवलंत."

"सही करा इथं," कर्मचाऱ्यानं पेन पुढे केलं.

"ही कुणी केली, ते कुठाय?"

"काय?"

"उपासमार आपोआप हुती व्हय? केली कुणी, त्याचं नाव लिवा. मग सही करते."

"बाई, तसा रकानाच नाही त्यात."

"मग पाडा," काजल म्हणाली. तिनं कागद टेबलावर ठेवला, ओसरीच्या पायरीवर उतरली आणि मांडी घालून बसली. ज्यांनी आधी सह्या केल्या होत्या त्या दोघी परत आल्या आणि आपापले दाखले टेबलावर ठेवून तिच्या शेजारी बसल्या. कर्मचाऱ्यानं वरिष्ठांना फोन लावला. सुवर्णानं चपला काढल्या आणि तीही पायरीवर जागा करून बसली.